शरीर आठवण ठेवतं म्हणजे नेमकं काय? डॉ. व्हॅन डर कोल्क यांचं संशोधन आणि आपले अनुभव

माळावरची | शनिवार, रात्री ११:२०

आमच्या इमारतीखालच्या रस्त्यावरून रात्री सिमेंटचे मिक्सर जातात. ते गेले की फडताळातल्या काचेच्या बरण्या किणकिणतात. मला जाग येते तेव्हा मी दाराशी उभी असते, हात कडीवर, पाय गार पडलेले. आधी दाराशी पोचते आणि मग जागी होते, असा क्रम आहे. नवऱ्याला आता सवय झाली आहे. तो फक्त "मिक्सर होता गं" म्हणतो आणि दिवा लावतो.

मी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी घरं होती. ती झोपलेल्या माणसांवर कोसळली. १०,००० च्या जवळपास माणसं गेली. आमच्या घरातले दोघे त्यात होते. आणि मला ती रात्र आठवत नाही. चार वर्षांची असतानाची जत्रा आठवते, पण ती रात्र नाही. पायांना मात्र काहीतरी माहीत आहे, असं वाटत राहतं.

गेल्या वर्षी एका मैत्रिणीने डॉ. बेसेल व्हॅन डर कोल्क यांचं 'द बॉडी कीप्स द स्कोअर' हे २०१४ चं पुस्तक दिलं. इंग्रजी आहे, मला तीन महिने लागले. मध्ये मध्ये ठेवून द्यावं लागलं, कारण छातीत धडधडायचं. त्यातलं मला कळलं ते इथे मांडते. चुकत असेन तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

हे गृहस्थ १९४३ चे, नेदरलँड्समधल्या हेगमध्ये जन्मलेले, पुढे अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ झाले. १९७८ मध्ये बोस्टनला माजी सैनिकांच्या दवाखान्यात लागले. व्हिएतनामहून परतलेला एक वकील त्यांच्याकडे आला. रोज रात्री तीच स्वप्नं, घरात आरडाओरडा. त्यांनी स्वप्नं कमी होण्याचं औषध लिहून दिलं. दोन आठवड्यांनी तो परत आला तर गोळी घेतलीच नव्हती. स्वप्नं थांबली तर तिकडे मेलेले मित्र पुन्हा मरतील, त्यांचं जिवंत स्मारक मीच आहे, असं त्याचं म्हणणं. हे वाचून मी पुस्तक मिटलं. माझी आजी अगदी असंच वागायची. तिला कुणी झोपेची गोळी दिली की पदराला बांधून ठेवायची.

मग त्यांनी २१ सैनिकांना शाईच्या डागांची ती चाचणी दिली. १६ जणांना डागात युद्धातलीच दृश्यं दिसली. उरलेल्या पाचांना काहीच दिसलं नाही, नुसती शाई. हे पाच जण माझ्या मनातून जात नाहीत. भीती दिसणं एक वेळ समजतं. आकार बघून मनात काही उमटतच नाही, हे मला जास्त भयंकर वाटलं.

त्यांचा मुद्दा असा की आघाताची आठवण गोष्टीसारखी सुरुवात-मध्य-शेवट घेऊन बसत नाही. ती वास, आवाज, पोटातला गोळा, आखडलेली मान अशा तुकड्यांत राहते. म्हणून नुसतं बोलून भागत नाही, उपचारात शरीरही यायला हवं. त्यासाठी त्यांनी योग, डोळ्यांच्या हालचालींची ईएमडीआर पद्धत, न्यूरोफीडबॅक (आपल्याच मेंदूच्या लहरी पडद्यावर बघून त्या बदलायचा सराव), नाटक असं बरंच काही करून पाहिलं.

माझे प्रश्न दोन. हे विज्ञान कितपत पक्कं आहे? आणि तुमच्यापैकी कुणी यातलं काही करून पाहिलं आहे का?

---

घाटवाट | शनिवार, रात्री ११:५८

ताई, पायांना माहीत आहे हे वाक्य वाचून थांबलो.

११ जुलै २००६ ला संध्याकाळी मी माहीम स्टेशनवर होतो. पलीकडच्या फलाटाच्या बाजूला स्फोट झाला. मला खरचटलंही नाही. दुसऱ्या दिवशी लोकल सुरू झाल्या तसा मीही गेलो, सगळे म्हणाले मुंबई थांबत नाही, मलाही तेव्हा अभिमान वाटला. पण आजही दुकानाचं शटर धाडकन पडलं की माझा उजवा खांदा कानापर्यंत वर जातो आणि बराच वेळ खाली येत नाही. मनात त्या क्षणी स्फोटाचा विचारही नसतो, नुसता खांदा. हाडांच्या डॉक्टरांकडे दोन वर्षं गेलो, एक्स-रे स्वच्छ. त्या दिवशी कुठे होतात, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

---

निशिगंध | रविवार, सकाळी ९:१५

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, सोलापूरला प्रॅक्टिस करते. माळावरची, तुम्ही पुस्तकाचा गाभा बरोबर पकडला आहे. पण 'शरीर' हा शब्द थोडा सोडवून घेऊ, कारण सगळा गोंधळ तिथेच होतो.

स्मृती एका जातीची नसते. १९११ मधलं एक जुनं उदाहरण आहे. जिनिव्हातले डॉक्टर एदुआर क्लापारेद यांची एक रुग्ण नवीन काहीच लक्षात ठेवू शकत नव्हती. रोज डॉक्टरांची नव्याने ओळख करून द्यावी लागे. एकदा त्यांनी बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला. पुढच्या वेळी ती त्यांना ओळखेना, टाचणीचंही काही आठवेना, पण हात पुढे केल्याबरोबर तिने आपला मागे घेतला. का, ते तिला नीट सांगता येईना.

दुसरं हेन्री मोलेसन यांचं. फेपरं थांबावं म्हणून १९५३ मध्ये त्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पसचा भाग दोन्ही बाजूंनी काढला. फेपरं कमी झालं, पण नवी आठवण तयार होणंच थांबलं. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत हात सफाईने चालू लागला. दर वेळी ते मात्र म्हणत की हे मी पहिल्यांदाच करतोय.

म्हणजे प्रसंग आठवणारी एक यंत्रणा असते आणि सवय, भीती, हालचाल शिकणारी दुसरी. दुसरीला शब्द लागत नाहीत. मराठीत आपण 'अंगवळणी पडलं' म्हणतो, ते हेच. तिचं ठाणंही मेंदूतच आहे. अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग धोक्याची खूण ओळखतो आणि विचार जागा व्हायच्या आत हृदय, श्वास, स्नायूंना हुकूम सोडतो. तुमच्या बरण्या आणि घाटवाट यांचं शटर ही ती खूण. खांद्याच्या स्नायूत चित्रफीत भरून ठेवलेली नाही. खांदा हुकूम पाळतो आहे.

व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मेंदूचं 'पेट स्कॅन' (मेंदूचा कुठला भाग कामात आहे ते दाखवणारी तपासणी) करून एक अभ्यास छापला. रुग्णांना त्यांच्याच आघाताचं वर्णन ऐकवलं. उजवीकडचे भावनांचे भाग पेटले आणि बोलण्याशी संबंधित ब्रोका क्षेत्र मंदावलं. "शब्दच फुटेनात" हे आपण म्हणतो त्याला मेंदूत काही आधार आहे, असं त्यातून दिसलं. पण रुग्ण किती, तर आठ. आठ माणसांवरून दिशा कळते, नकाशा तयार होत नाही. पुस्तक वाचताना हे ध्यानात ठेवावं.

घाटवाट, दोन वर्षं हाडांच्या डॉक्टरांकडे जाणारे माझ्याकडेही येतात. कुणी विचारलं नाही हे आमचं अपयश आहे.

---

प्रश्नचिन्ह | रविवार, दुपारी १२:४०

धागा महत्त्वाचा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. माळावरची यांच्या अनुभवावर माझा काडीचाही अविश्वास नाही. माझी हरकत पुस्तकातून निघणाऱ्या एका निष्कर्षाला आहे: मनाला आठवत नसलं तरी शरीराला आठवतं, तेव्हा शरीर काय म्हणतंय त्यावरून काय घडलं असेल ते ओळखा.

१९९० च्या दशकात अमेरिकेत या विचाराने घरं मोडली. उपचारात दडपलेल्या आठवणी वर काढल्या जायच्या आणि मुली वडिलांना कोर्टात खेचायच्या. त्यात खरे अत्याचार होते आणि उपचाराच्या खोलीत तयार झालेल्या आठवणीही होत्या. व्हॅन डर कोल्क स्वतः अशा खटल्यांत तज्ज्ञ म्हणून साक्ष देत असत. त्याच काळात, १९९५ मध्ये, मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी २४ जणांना त्यांच्या लहानपणच्या काही हकिगती दिल्या. त्यात एक बनावट होती, दुकानांच्या संकुलात तुम्ही हरवला होतात अशी. साधारण चौघांतल्या एकाला ती पूर्ण किंवा अर्धीमुर्धी 'आठवली'.

२००३ मध्ये हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मॅकनॅली यांनी सगळे पुरावे तपासून उलट बाजू मांडली. भयंकर प्रसंग माणसं सहसा विसरत नाहीत, विसरता येत नाहीत हाच त्यांचा छळ असतो. आणि आवाजाने छाती धडधडणं म्हणजे आत एखादी लपलेली आठवण असल्याचा पुरावा नव्हे.

योगाचा जो अभ्यास पुरावा म्हणून फिरतो त्याबद्दलही. २०१४ चा, ६४ स्त्रिया, सगळ्यांचा आजार जुना आणि उपचारांना न दाद देणारा. निम्म्यांना दहा आठवडे आठवड्यातून तासभर योग, निम्म्यांना स्त्री-आरोग्यावरचे वर्ग. शेवटी योग गटात ३१ पैकी १६ जणी पीटीएसडीच्या, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या मनोविकाराच्या, निकषांबाहेर गेल्या, दुसऱ्या गटात २९ पैकी ६. आकडे चांगले आहेत, मी नाकारत नाही. पण दीड वर्षाने पुन्हा पाहिलं तेव्हा मूळ कुठल्या गटात होत्या यावरून फरक राहिला नव्हता. ज्या नियमित करत राहिल्या त्यांना फायदा दिसला. आता त्या बऱ्या वाटल्या म्हणून करत राहिल्या की करत राहिल्या म्हणून बऱ्या झाल्या, हे त्यातून ठरत नाही.

---

प्राजक्त | रविवार, सायंकाळी ५:०५

प्रश्नचिन्ह, आकड्यांबद्दल मी वाद घालणार नाही. मी नाशिकला अठरा वर्षं योगवर्ग घेते. त्या अभ्यासातला योग आपल्याकडच्या वर्गासारखा नव्हता, हे मात्र सांगायला हवं, कारण लोक हे वाचून जवळच्या वर्गात नाव घालतात.

व्हॅन डर कोल्क यांच्या बोस्टनच्या आघात-उपचार केंद्रात डेव्हिड इमर्सन यांनी वेगळी पद्धत बसवली. शिक्षक हात लावत नाही. "खांदे मागे घ्या" असं न म्हणता "वाटलं तर खांदे मागे नेऊन बघा" म्हणतो. डोळे मिटायची सक्ती नाही. आसन बरोबर जमलं का याला महत्त्व नाही, आपल्या शरीरात काय चाललंय ते आपल्याला जाणवतंय का आणि ते थांबवायचा अधिकार आपल्या हातात आहे का, याला आहे.

मी कशी शिकवायचे? मागून जाऊन पाठ दाबायची. माझ्या गुरुजींनी मला तसंच शिकवलं आणि त्यांचा हात मला आईच्या हातासारखा वाटे. एकदा सुप्त बद्धकोणासनात एका बाईंच्या मांडीखाली लोड सरकवला, न विचारता. त्या ताठ झाल्या. आवाज नाही, डोळ्यांतून पाणी नाही, फक्त अंग लाकडासारखं. मी म्हटलं, "सोडा, सैल सोडा." मला वाटलं मी मदत करतेय. त्या परत आल्या नाहीत. वर्षभराने बाजारात भेटल्या, बोलल्या चांगल्या, पण माझ्यापासून हातभर लांब उभ्या होत्या. तेव्हा मला कळलं.

आता पहिल्या दिवशी विचारते, हात लावलेला चालेल का. शवासन ज्यांना नको त्यांनी भिंतीला टेकून डोळे उघडे ठेवून बसायचं. पहाटेच्या वर्गात निम्म्या बायका बसलेल्याच असतात. कितीजणींना पाठीवर पडून डोळे मिटणं नको होतं आणि सतरा वर्षं कुणी बोललं नाही.

लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं तेच मुळी योगाच्या परिणामांचं प्रयोगशाळेत मोजमाप करायला. आपल्या मातीत मोजण्याची परंपरा शंभर वर्षांची आहे. मग आपल्या वर्गात येणाऱ्या माणसाला काय होतं ते विचारायला आपण इतका उशीर का करतो?

---

तिरफळ | रविवार, रात्री १०:३०

बराच वेळ लिहू की नको करत होते.

प्रश्नचिन्ह यांनी लिहिलं ते माझ्या घरात घडलं. चार वर्षांपूर्वी बहिणीला कंबरदुखी सुरू झाली. बाळंतपणानंतरची. एका शहरात एक 'हीलर' होत्या, डॉक्टर नाहीत, मानसशास्त्र शिकलेल्या नाहीत, तीन दिवसांचं कुठलंसं प्रमाणपत्र भिंतीवर. कंबरेत आठवणी साठतात, म्हणाल्या. डोळे मिटायला लावून, मोजत मोजत मागे नेऊन, "तिथे कोण उभं आहे?" असं विचारायच्या. पाचव्या-सहाव्या वेळेला बहिणीला आमचे काका दिसले. पुढे दिसतच गेले, दर वेळी जास्त.

काका ज्या वर्षी तसं वागल्याचं ती सांगत होती त्या वर्षी ते आखातात होते. बाबांनी पासपोर्ट काढून दाखवला. बहीण म्हणाली पासपोर्ट खोटा आहे, माझं शरीर खोटं बोलत नाही. हे वाक्य त्या बाईंचं होतं. दीड वर्ष ती माहेरी आली नाही. आई त्यातच गेली.

आता ती एका चांगल्या डॉक्टरांकडे जाते. कंबर बरीच बरी आहे. काकांसमोर अजून जात नाही, म्हणते डोक्याला पटलं तरी ते चित्र पुसत नाही. मला तिचा राग येत नाही. तिला जे दिसतं ते तिला दिसतंच.

कृपया कुणी हा धागा वाचून अशा ठिकाणी जाऊ नका.

---

निशिगंध | रविवार, रात्री ११:१०

तिरफळ, लिहिलंत हे फार मोठं केलंत. आईबद्दल वाचून वाईट वाटलं.

बहिणीचा अनुभव हेच दाखवतो की खूण आणि तिचं कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंबर दुखते हे खरं. ती का दुखते हे कंबर सांगू शकत नाही. जो उपचारक तुमच्या आधी तुमच्या भूतकाळाबद्दल ठाम असतो, ज्याला 'काहीतरी घडलंच असणार' हे पहिल्याच भेटीत माहीत असतं, तिथून उठून यावं. चांगला उपचारक आठवण शोधायला नेत नाही. आज रात्री झोप कशी लागेल, तिथून सुरुवात करतो.

ईएमडीआरबद्दल लोक निरोप पाठवून विचारत आहेत म्हणून इथेच सांगते. फ्रान्सीन शापिरो यांना १९८७ मध्ये बागेत फिरताना जाणवलं की डोळे इकडून तिकडे हलत असताना त्रासदायक विचाराची धार कमी होते. त्यातून ही पद्धत आली. रुग्ण प्रसंग मनात धरतो आणि उपचारकाच्या हलत्या बोटाकडे बघतो. मला सुरुवातीला हे पटलं नव्हतं. पण व्हॅन डर कोल्क यांनी २००७ मध्ये ८८ जणांवर ईएमडीआर, फ्लुऑक्सेटिन (नैराश्यावरची गोळी) आणि खोटी गोळी यांची तुलना केली. मोठेपणी आघात झालेल्यांपैकी ईएमडीआर घेतलेले ७५ टक्के लोक उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी लक्षणमुक्त होते, फ्लुऑक्सेटिनच्या गटातलं कुणीच नव्हतं. लहानपणी आघात झालेल्यांत मात्र हा आकडा ३३ टक्के. लहानपणचे घाव आठ आठवड्यांत भरत नाहीत, हेही त्याच अभ्यासाने सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी आघात-केंद्रित वर्तन-विचार उपचारपद्धती आणि ईएमडीआर या दोन्हींची शिफारस केली. डोळे हलवण्यानेच गुण येतो की सुरक्षित जागी बसून आठवणीला तोंड दिल्याने, यावर अजून एकमत नाही.

ज्यांना जवळ कुणीच नाही त्यांनी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक लावावा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

---

चार्ल्सकाठ | सोमवार, पहाटे ४:२०

बोस्टनजवळ राहते, इथे २२ वर्षं झाली. व्हॅन डर कोल्क इथे घरोघरी माहीत असलेलं नाव आहे, पुस्तक वर्षानुवर्षं खपाच्या याद्यांमध्ये आहे. दुसरी बाजूही नोंदवते. १९८२ मध्ये त्यांनी काढलेल्या आघात-उपचार केंद्रातून २०१८ मध्ये त्यांना जावं लागलं, कर्मचाऱ्यांशी वागणुकीच्या तक्रारींवरून. त्यांनी आरोप नाकारले. एमडीएमए या अमली पदार्थाच्या साहाय्याने करायच्या उपचारातही ते होते. २०२१ मध्ये ९० जणांचे निष्कर्ष आले, ६७ टक्के लोक निकषांबाहेर, औषधाशिवाय तोच उपचार घेतलेल्यांत ३२ टक्के. इथे फार आशा होती. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने परवानगी नाकारली आणि आणखी चाचणी करायला सांगितलं. भारतात तर तो पदार्थ बेकायदाच आहे, त्या वाटेला कुणी जाऊ नये.

मला त्या पुस्तकातलं वेगळंच लक्षात राहिलं. न्यूयॉर्कचे मनोरे पडले त्या दिवशी एका पाच वर्षांच्या मुलाने शाळेच्या खिडकीतून विमान आदळताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने चित्र काढलं. जळता मनोरा, वरून उड्या मारणारी माणसं आणि खाली एक काळा गोल. हे काय, विचारल्यावर म्हणाला, ट्रॅम्पोलिन. पुढच्या वेळी उडी मारावी लागली तर लोक वाचतील. तो मुलगा त्या दिवशी वडील आणि मोठ्या भावासोबत धावत घरी पोचला होता. त्याच्या पायांना पळता आलं होतं आणि घर जागेवर होतं. ज्यांना पळता आलं नाही ते अडकून राहतात, असं लेखकाचं म्हणणं आहे.

माळावरची, तुम्ही दाराकडे जाता हे वाचून मला तो मुलगा आठवला. तुमचं अंग तुम्हाला कुठेतरी नेतंय. गोठून तर बसत नाही.

---

सदू मास्तर | सोमवार, सकाळी ७:४५

मी उमरग्याकडचा, निवृत्त शिक्षक. वय ७१. नातवाने टाईप करून दिलं आहे.

भूकंपानंतर आमचं गाव उठवून दुसरीकडे वसवलं. रुंद रस्ते, ओळीत घरं, भिंती पक्क्या. पण पूर्वी वाड्याला वाडा लागून होता, रात्री कुणी खोकललं तर शेजारी कळायचं. नव्या गावात घरं लांब लांब. लोक घरात झोपायचेच नाहीत, वर्षानुवर्षं अंगणात. छप्पर सिमेंटचं असलं तरी छप्परच ना, म्हणायचे.

शेजारच्या एक काकू. दोन लेकरं गेली त्यांची. दर वर्षी त्या आजारी पडायच्या. तारखेला नाही. अनंत चतुर्दशीला. विसर्जनाचा ढोल लांबून ऐकू आला की अंग तापायचं, थरथर कापायच्या, कधी अंगात यायचं. लोकांनी देवऋषी केले, उतारे केले. एका वर्षी गावातल्या बायकांनी ठरवलं, ढोल निघाला की आपण काकूंच्या दारात भजनाला बसायचं. वीस-पंचवीस बायका, टाळ घेऊन. ढोल गेला तरी भजन चालू. त्या वर्षीही काकू थरथरल्या, पण हातात टाळ होते. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच "कधी बसायचं गं?" म्हणून विचारलं. पूर्ण बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. शेवटपर्यंत त्या दिवशी जेवत नव्हत्या. ताप मात्र येईनासा झाला.

डॉक्टरबाई, याला तुमच्यात काय म्हणतात मला माहीत नाही.

---

निशिगंध | सोमवार, दुपारी २:३०

मास्तर, वर्षश्राद्धासारखी ठरावीक वेळी उसळणारी प्रतिक्रिया आम्ही नेहमी बघतो. पण आवाज तोच ठेवून त्याच्याभोवती वीस बायका बसवायच्या, हा उपचार मी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलेला नाही. एका ठेक्यात अनेकांनी मिळून गाणं, हलणं याबद्दल व्हॅन डर कोल्क पुष्कळ लिहितात. तुमच्या गावाने ते न वाचता केलं.

---

प्रश्नचिन्ह | सोमवार, रात्री ९:००

मास्तरांचा प्रतिसाद तीनदा वाचला. नियंत्रित अभ्यास नाही, एकच बाई आहे, तरी मी यावर काही म्हणणार नाही. मला एवढंच दिसतं की त्या बायकांनी काकूंना काय आठवतंय असं विचारलं नाही.

---

माळावरची | रविवार, रात्री ८:५० (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार. धागा वर आणते आहे, कारण सांगण्यासारखं काही घडलं.

निशिगंध यांच्याशी निरोपातून बोलून पुण्यात एका मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला लागले. तीन भेटी झाल्या. अजून डोळे हलवणं वगैरे काही नाही. दाराशी जाग आली की लगेच मागे फिरायचं नाही, उभं राहून जमिनीला पाय लागलेत ते बघायचं, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायची, असं शिकवलंय. त्यांनी एक काम दिलं, आईला विचारून बघा. मी कधी विचारलंच नव्हतं. आमच्या घरात त्यावर बोलत नाहीत.

मागच्या शनिवारी गावी गेले. मला वाटत होतं माय सांगेल, तू त्या रात्री चौकटीत उभी होतीस म्हणून वाचलीस. मी तशी गोष्ट मनात तयारही केली होती, हे आता कळतं.

माय म्हणाली, "त्या रातीला तू घरात नव्हतीसच गं. गणपती बुडवून आलाव, लई उकडत होतं, तू अन् मी बाहेर बाजंवर पडलो होतो. तू तर उठलीबी नाहीस. मामानं उचललं तवा जागी झालीस."

मग दार कुठून आलं? मी विचारलं. माय थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ते शेडमधलं. भूकंपानंतर आम्ही कित्येक महिने पत्र्याच्या शेडमध्ये होतो. जमीन सारखी हलायची. लहान लहान धक्के, पण पत्रे खडखडायचे आणि सगळी माणसं एकदम दाराकडे पळायची. रात्री दोन-दोन, तीन-तीन वेळा. तेव्हा मी म्हणे सगळ्यांच्या आधी दाराशी असायचे. माय झोपेतून उठेपर्यंत मी कडी काढून उभी. "तूच समद्यांना बाहेर काढायचीस," म्हणाली.

मी दोन दिवस हेच घेऊन बसले आहे. माझे पाय त्या रात्रीचं काही जपून ठेवत नव्हतेच. सात वर्षांच्या मुलीने रोज रात्री केलेलं काम ते अजून करत होते. प्रश्नचिन्ह, तुमचं पटलं. आणि निशिगंध, 'अंगवळणी' हा शब्दही.

रात्री मायजवळच झोपले. दिवा मालवायला उठले तर दार नुसतं ओढून घेतलेलं. कडी लावू का, विचारलं.

"नको," म्हणाली. "मी अजून लावत नाही."

मीही लावली नाही.